चौघांनी उकललेले छप्पर

(मार्क २ : १–१२)

कफर्णहूम गावातील त्या घराची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील मुलांसही तोंडपाठ आहे. प्रभू घरात आहे, दारापर्यंत माणसांची दाटी झाली आहे, आणि चौघे जण एका पक्षाघाती मनुष्यास बाजेवर घालून घेऊन येतात. आत शिरावयास वाट नाही, म्हणून ते वर चढतात, छप्पर उकलतात आणि बाज खाली सोडतात. ज्यांची घरे धाब्याची आहेत त्यांस ही गोष्ट कोणी समजावून देण्याची गरज नाही. तुळयांवर काटक्या, काटक्यांवर मातीचा जाड थर. तो उकरावयाचा म्हणजे खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडणारच. घरधनी काय म्हणाला हे शास्त्रात लिहिलेले नाही; पावसाळ्याच्या तोंडावर असे घडले तर तो काय म्हणेल, याची कल्पना कोणाही शेतकऱ्यास करिता येईल.

या भागावर बोलताना उपदेशक बहुधा पापांची क्षमा व त्या चौघांचा विश्वास यांविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही आज वाचकांचे लक्ष छपराकडे वेधू इच्छितो. दार अरुंद होते व माणूस आडवा होता. अशा वेळी जगाची रीत अशी की, आडव्या माणसाने बाहेर थांबावे. त्या चौघांनी माणसास बाहेर ठेविले नाही. त्यांनी घर बदलले. आणि मोडलेल्या छपराबद्दल प्रभूने त्यांस बोल लाविला नाही.

आता आपल्या खेड्यांतील मंडळ्यांकडे पाहू. जवळजवळ प्रत्येक गावात असा एखादा तरुण अथवा तरुणी असते, की जिला दिसत नाही, किंवा ऐकू येत नाही, किंवा जिचे पाय पांगळे आहेत, किंवा जिला सांगितलेले उमगावयास वेळ लागतो. आईबाप पुष्कळदा अशा लेकरास मागच्या खोलीत ठेवितात. कारण शेजारीपाजारी अजूनही तोच प्रश्न विचारितात, जो शिष्यांनी जन्मांधास पाहून विचारिला होता, की पाप कोणी केले? प्रभूने तो प्रश्नच खोडून काढिला (योहान ९). तो पुन्हा उकरून काढण्याचा अधिकार कोणत्याही ख्रिस्ती मनुष्यास नाही.

मंडळ्यांत दया नाही, असे आम्ही म्हणत नाही. सुगीला पायलीभर जोंधळा मिळतो, नाताळास नवे कापड मिळते. परंतु वीस वर्षांच्या मनुष्यास जोंधळ्याहून आणखी काही हवे असते. त्यास विद्या हवी, काम हवे, आणि ते काम शिकविणारा गुरू हवा. गायन व वादन ही विद्या यासाठी फार सोयीची. कारण प्रत्येक मंडळीत पेटी आहे, ढोलकी आहे, झांजा आहेत, आणि उपासना तर दर आठवड्यास असतेच.

देवाने अंधाचे डोळे घेतले आणि त्यांच्या बदली गळा दिला, असे लोक मोठ्या भाबडेपणाने म्हणतात. हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, पण त्यात एक आळस दडलेला आहे. गळा जर आपोआप येतो, तर शिकविण्याची तसदी कोणी घ्यावी? खरी गोष्ट अशी की, डोळस असो वा अंध, कान तयार होतो तो रियाजाने, आणि रियाज घडतो तो गुरूपाशी. ज्यास कोणी शिकविले नाही असा अंध गायक शेवटी आगगाडीच्या डब्यात हात पसरून उभा राहतो.

ज्यांस शिकविणारे लाभले त्यांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्स देशातील एका खेड्यात चामड्याचे खोगीरसामान करणाऱ्याचा मुलगा लुई ब्रेल (१८०९–१८५२) बापाच्या हत्याराने डोळ्यास इजा होऊन लहानपणीच आंधळा झाला. दहाव्या वर्षी, १८१९ साली, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. ही शाळा व्हॅलेंतीन ऑयी या गृहस्थांनी १७८५ साली काढिली होती. ब्रेलची उठावाच्या ठिपक्यांची लिपी सर्वांस ठाऊक आहे. पण १८२९ साली त्याने जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात अक्षरांबरोबर संगीताचे स्वर लिहिण्याचीही रीत होती, हे थोड्यांस ठाऊक असेल. तो स्वतः पॅरिसच्या देवळांत ऑर्गन वाजवीत असे, आणि ज्या शाळेत शिकला त्याच शाळेत शिक्षक झाला.

त्याच शाळेत क्लोद मोंताल नावाचा दुसरा अंध विद्यार्थी होता. आपल्या एका अंध सोबत्यासह तो शाळेतील पियानो उघडून आतल्या तारा चाचपू लागला. पियानो जुळविणाऱ्या डोळस कारागिराने तक्रार केली, की ही पोरे वाद्य बिघडवितील. आणि त्यांस मनाई झाली. मग त्यांनी एक जुना पियानो मिळविला, तो सुटा करून पुन्हा जोडिला, तेव्हा कोठे शाळेतील वाद्यांचे काम त्यांच्या स्वाधीन झाले. पुढे मोंताल पॅरिसमध्ये पियानो जुळविण्याचा धंदा करू लागला. आरंभी लोक त्याच्यावर भरवसा ठेवीनात. १८३६ साली त्याने या विद्येवर पुस्तक लिहिले, आणि युरोपात व अमेरिकेत पियानो जुळविणे हे अंधांचे प्रतिष्ठित काम होऊन बसले. ती मनाई कायम राहिली असती तर? शेकडो घरांची चूल एका तक्रारीवर विझली असती.

आपल्या प्रांतातही हे बीज पडलेले आहे. १९०० सालच्या दुष्काळाच्या दिवसांत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढिली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. आणि कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची दृष्टी लहानपणी दारूकामाने अधू झाली. शाळेचे शिक्षण थांबले. परंतु मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी त्यांस गाणे शिकविले. १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले व शिष्यांस पदरी ठेवून स्वतः शिकविणारे बनविले. ते ख्रिस्ती नव्हते, परंतु गुरू कसा असावा हे कोणापासूनही शिकावयास हरकत नाही.

कोणी म्हणेल, अंधाचे ठीक आहे; बहिऱ्याचे काय? स्कॉटलंडमधील एव्हलिन ग्लेनी (जन्म १९६५) बारा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. तिच्या शाळेतील शिक्षकाने तिला भिंतीवर तळवे टेकून उभे राहावयास सांगितले, आणि तो नगाऱ्यासारखे मोठे वाद्य वाजवू लागला. कोणता स्वर बोटांत थरथरतो व कोणता मनगटापर्यंत चढतो, हे ती शिकली. लंडनच्या रॉयल अकॅडमीने आधी तिला घेण्यास नकार दिला. बहिऱ्या वादिकेचे भविष्य काय, असे त्यांस वाटले. तिने हट्ट धरिला आणि अकॅडमीस नमावे लागले. ती आज जगप्रसिद्ध वादक आहे, व पुष्कळदा अनवाणी उभी राहून वाजविते, म्हणजे जमिनीतून आलेला नाद पायांस कळावा. इंग्लंडात आता अपंग तरुणांसाठी खास वाद्येही केलेली आहेत. ज्याचे फक्त डोळेच हलतात त्यास डोळ्यांच्या हालचालीने वाजविता येईल असेही एक वाद्य आहे.

आपल्या खेड्यात तसले वाद्य नाही. पण छप्पर उकलावयास चौघांपाशी तरी हातांवाचून दुसरे काय असणार? पाळक व उपदेशक बंधूंनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात.

प्रथम विचारावे. बार्तीमय आंधळा आहे हे उघड दिसत असूनही, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे प्रभूने त्यास विचारिले. अपंग तरुणास गाणेच आवडेल असे गृहीत धरू नये. आवडत असेल तर एक शिष्य व एक गुरू अशी जोडी लावावी, आठवड्यातून दोन संध्याकाळी, निदान एक वर्ष. गुरू मंडळीतला नसला तरी चालेल. गावच्या भजनी मंडळातील पेटीवाल्यास आदराने बोलवावे. शेजारच्या गावी कोणी अंध वादक असेल तर तोच सर्वांत उत्तम, कारण त्यास वाट ठाऊक आहे.

पेटीवर काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा जुडग्यांनी येतात. दोघींच्या डावीकडे लागून असलेली पट्टी म्हणजे पांढरी एक. एवढे एकदा बोटांस कळले की डोळ्यांची गरज उरत नाही. शिष्याचा हात धरण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. गीत ओळीओळीने म्हणून दाखवावे व मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून द्यावे. बहिऱ्याचा तळवा ढोलकीच्या खोडावर ठेवावा. ज्याची मूठ आवळत नाही त्याच्या मनगटास पट्ट्याने काठी बांधावी. ज्यास उमगावयास वेळ लागतो त्यास तीच जागा, तीच वेळ व तेच गीत द्यावे. घाई गुरूने आवरावी. आणि ज्यास चालता येत नाही त्यास ध्वनिक्षेपकाचे काम शिकवावे. आवाज कमीजास्त करणे, तारा जोडणे, उपासना मुद्रित करणे, हे सर्व बसून होते, आणि आज लग्नकार्यात या कामास मागणी आहे.

देवळाच्या चौथऱ्यास पायऱ्या असतील तर शेजारी उतार बांधावा. एक फूट उंचीस बारा फूट लांबी धरावी. त्याहून उभा केल्यास चाकांची खुर्ची एकट्याने चढविता येत नाही. दगड व माती गावचीच आहेत. गवंडीही बहुधा मंडळीतच सापडेल.

शिष्य तयार झाला, की पंचांनी त्याचे नाव उपासनेच्या पाळीत घालावे, इतरांची असतात तशा महिन्याच्या ठराविक रविवारी. केवळ नाताळच्या कार्यक्रमात पाहुण्यांस दाखविण्यापुरते नव्हे. आणि लग्नात किंवा अन्य समारंभात त्याने वाजविले, तर इतर वादकांस जितकी बिदागी दिली तितकीच त्यासही द्यावी, व ती त्याच्या बापाच्या किंवा भावाच्या हाती न देता त्याच्याच हातावर मोजून ठेवावी.