निकामी कोण ठरवतं?

माझा मामा कुरवंड्याचा. शनिवार-रविवारी येणाऱ्या ट्रेकर पोरांना तो वीसेक वर्षं नागफणीवर नेत होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स. मग घरातल्यांनी आधी डोंगर बंद केला, मग दुचाकी, मग पाहुण्यांसमोर चहा घेऊन येणंही. मी काही बोलले तर मामेभाऊ म्हणाला, "निसर्गाचा नियमच आहे ताई. तू बायोटेक शिकलीस ना? पेशीसुद्धा निकामी भाग काढूनच टाकते."

त्याचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते डोक्यातून जात नाही.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात हजारावर प्रकारची प्रथिनं असतात. माणसात त्यांतली फक्त 13 आतल्या आत बनतात. बाकीची बाहेरून येतात आणि वाट इतकी अरुंद, की घडी उलगडल्याशिवाय आत शिरता येत नाही. 1661 मध्ये कारतलबखानाची फौज मामाच्या गावाजवळच्या कुरवंडे घाटाने उंबरखिंडीकडे उतरली, तेव्हा तिलाही फळी मोडून रांगेनेच जावं लागलं असणार. खानाचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. प्रथिनाचं नशीब बरं असतं. आतलं एचएसपी70 त्याला ओढून घेतं. काहींना एचएसपी60 पिंपासारख्या पोकळीत बंद करून निवांत घडी पडू देतं. एवढं करूनही जमलं नाही, तर लॉनसारखी कातरणारी प्रथिनं त्याचे तुकडे करतात. (या लॉनचा लोणावळ्याशी काही संबंध नाही. त्याचं जनुक बिघडलेले जिवाणू लांबलचक होतात, म्हणून ते नाव.)

म्हणजे आधी हात देणं आणि मग कातर. मामेभावाने कातर तेवढी लक्षात ठेवली होती.

अख्खा मायटोकॉन्ड्रियनच ढासळला तर? पिंक1 नावाचं प्रथिन एरवी सतत आत ओढलं जातं आणि तोडलं जातं. आतल्या पडद्यावरचा विद्युतदाब घसरला की ते दारातच साचतं आणि पार्किनला बोलावतं. दोघं मिळून त्या मायटोकॉन्ड्रियनवर खुणा करतात, मग पेशी तो गिळून पचवते. इथे कुणी न्यायाधीश बसलेला नाही, कुणाला कुणाचा कंटाळाही आलेला नाही. पार्किनचं जनुक 1998 मध्ये सापडलं, तेही जपानमध्ये तरुण वयात पार्किन्सन्स झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून. मामाच्या आजाराचं कारण हेच, असं मी म्हणत नाही. उतारवयातल्या बहुतेक रुग्णांत एका जनुकाकडे बोट दाखवता येत नाही.

पण ही सगळी साफसफाई चालते कशासाठी? मेंदूतली बहुतेक चेतापेशी आयुष्यभर एकच असते, तिच्या जागी नवी येत नाही. तिला टाकावं लागू नये म्हणूनच तिच्या आतलं खराब झालेलं काढलं जातं. मामाला आपण यातलं नेमकं काय मानायचं? घराचा एक भाग, की ज्याच्यासाठी बाकीचं सगळं करायचं तो? "निकामी भाग" म्हणताना मामेभावाने हे परस्पर ठरवून टाकलं होतं.

इथेच थांबले असते तर मी वाद जिंकले असते. अडचण अशी, की मायटोकॉन्ड्रियनसुद्धा कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होता. अब्जावधी वर्षांपूर्वी तो दुसऱ्या पेशीत आला आणि तिचा भाग झाला. भाग कोण आणि अख्खं कोण, हे निसर्गात कुठे कायमचं लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे मामेभावाला मी निसर्गाचा दाखला देऊन गप्प करू शकत नाही, आणि त्यालाही मला करता येत नाही. आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला विचारता येतं. प्रथिनाला कुणी विचारू शकत नाही.

मी विचारलं. मामा म्हणाला, "डोंगर नको, मलाबी कळतंय. पाय घसरला तर पोरं कुणाच्या भरवशावर? पण चहाचं काय?"

मामीने काही न बोलता कप निम्मेच भरले. मामाने ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि ओटीवर पाहुण्यांकडे निघाला. थोडा चहा बशीत सांडला. मामेभाऊ मोबाईलमध्ये बघत होता, आणि उठून त्याने दार तेवढं उघडून धरलं.