वायतुऱ्याचा पत्ता

वायतुरा ही पाणवनस्पती सातारा जिल्ह्यात, कास पठारासारख्या जांभ्या खडकाच्या सपाटीवर, पावसाळ्यात साचलेल्या उथळ डबक्यांत उगवते. पाण्यावर इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला गुलाबी-जांभळा तुरा येतो. डबकं आटलं की ती दिसेनाशी होते, कंद मातीत राहतो. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे जिल्हा नावातच आला.

पण नेमकं डबकं सांगावं का? फोटोसोबत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदवले जातात, आणि वीतभर पाण्यातल्या रोपांना फोटोसाठी उतरलेले चार बूटही पुरतात. म्हणूनच आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण सुमारे 20 किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतात. रोज माहिती उघडी करणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या मलाही हे पटतं.

तरीही गुपित कुणापासून ठेवायचं? तिथल्या गुराख्याला डबकं आधीच ठाऊक असतं. अंधारात राहतो तो लांबून येणारा, आणि कधीकधी जमिनीचा निर्णय घेणाराही. याच जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. उद्या दुसऱ्या पठारावर रस्ता किंवा हॉटेल आखताना नकाशा कोरा असेल, तर ‘इथे काहीच नाही’ असं सहज लिहिता येईल.

म्हणून मला वाटतं, पाहायला येणाऱ्याला जिल्हा पुरे; गावाला आणि निर्णय घेणाऱ्याला मात्र डबकं कळलंच पाहिजे. निर्णय घेणारा ते वाचवेलच असं नाही. पण नोंद असेल तर ‘माहीत नव्हतं’ असं त्याला म्हणता येणार नाही.