शिंगांचें माप

माझ्या लहानपणीं आमच्या सातारच्या घरीं सहाणेशेजारीं सांबरशिंगाचा एक तुकडा असे. कोणाच्या बरगडींत कळ आली कीं आजी तो उगाळून त्याचा ऊन लेप लावीत असे. तें शिंग मारलेल्या सांबराचें, कीं सांबरानेंच रानांत गाळून टाकलेलें, हा प्रश्न घरांत कोणास पडल्याचें मला स्मरत नाहीं. परवां सागरेश्वरच्या टेकडीवर एका जुन्या विद्यार्थ्याशीं बोलतांना तो तुकडा मला एकदम आठवला.

हा विद्यार्थी बरींच वर्षें अमेरिकेंत आहे. तिकडे हरणांच्या शिकारीस कायद्यानें मुभा आहे. मात्र कांहीं प्रांतांत, ज्या नराच्या शिंगांना ठराविक संख्येनें फांटे फुटलेले नाहींत त्याला मारतां येत नाहीं. पेन्सिल्व्हेनियांत असा नियम २००२ सालीं आला. कोवळे नर वांचावे व कळपांत प्रौढ नरांची संख्या वाढावी, हा त्यामागील हेतु. "सर," तो म्हणाला, "आपल्याकडच्या सरसकट बंदीपेक्षां हें मोजून मारणें अधिक शहाणपणाचें नाहीं का?" प्रश्न वरवर शिकारीचा दिसला, तरी मुळांत तो नीतीचा आहे. कोणतेंही बाह्य माप आपल्या विवेकाचें काम करूं शकेल काय?

आधीं हें मान्य केलें पाहिजे कीं, मारण्यालाही मर्यादा असावी ही कल्पना आपणांस परकी नाहीं. महाभारतांत मृगरूपानें रममाण झालेल्या किंदम ऋषीला पांडु राजा बाण मारतो. मरतांना ऋषि जें बोलतो तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. राजानें मृगया केली याबद्दल त्याची तक्रार नाहीं. मीलनाची वेळ टळेपर्यंत राजा थांबला नाहीं, ही त्याची तक्रार आहे. अशोकानें आपल्या स्तंभलेखांत गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आंतील त्यांचीं पिलें अवध्य ठरविलीं. इंग्रजी अमदानींतील १९१२ च्या कायद्यानें, हरणें व इतर कांहीं प्राणी यांच्या शिकारीस बंदीचा काळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. शेजारच्या कोल्हापूर संस्थानांत दाजीपूरचें जें रान छत्रपतींच्या शिकारीसाठीं राखलें गेलें, तेंच १९५८ सालीं अभयारण्य झालें. शिकाऱ्याच्या संयमानेंही रानें राखलीं आहेत, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल.

मग शिंगांचा नियम सफल होतो काय? जें तो मोजतो त्यापुरता होतो. कोवळे नर वांचतात आणि एकदोन वर्षांनीं प्रौढ नर अधिक दिसूं लागतात, हें खरें. परंतु शिंग म्हणजे केवळ वय नव्हे. त्यांत चारा आहे, आणि वंशही आहे. एकाच वर्षीं जन्मलेल्या दोन नरांपैकीं ज्याचीं शिंगें लवकर भरतात तो आधीं मापांत बसतो आणि आधीं मरतो. खुरटा मागें राहतो. मिसिसिपी प्रांतांत १९९५ सालीं चार टोंकांचा नियम झाला. पुढें अभ्यासकांना तेथील कांहीं भागांत त्याच वयाच्या नरांचीं शिंगें पूर्वीपेक्षां लहान आढळलीं. कॅनडांतील अल्बर्टा प्रांतांत डोंगरी मेंढ्यांचे नर शिंगांच्या मापानें मारीत. तेथील एका कळपाच्या सुमारें तीस वर्षांच्या निरीक्षणावरून, शिंगांचा आकार वंशपरंपरेनेंच घटत गेला, असा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तम तें वेंचून मारावें आणि उरलेल्यांतून उत्तमाची अपेक्षा करावी, हा हिशेब जुळावा कसा?

शिवाय हा नियम आपल्या रानास लावावयाचा तरी कोणत्या रीतीनें? आपल्या सांबराच्या प्रत्येक शिंगाला बहुधा तीनच टोंकें असतात. तीं एकदां आलीं कीं वय वाढलें म्हणून टोंकें वाढत नाहींत. चितळाचेंही बहुतेक तसेंच. काळविटाच्या शिंगाला फांटाच नसतो, आणि गव्याच्या मादीलाही शिंगें असतात. तेव्हां फांटे सोडून लांबी मोजावी लागेल. आणि ती झुंजुमुंजु उजेडांत, शंभर पावलांवरून, नुसत्या नजरेनें ठरवावी लागेल. शिंगाला फीत लावून नेमकें माप घेतां येतें तें जनावर पडल्यावरच. चूक कळते त्या वेळीं ती सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.

मला या नियमांतील खरा दोष येथें दिसतो. तो वाईट हेतूनें केलेला नाहीं. पण जें मोजण्यास सोपें तेंच महत्त्वाचें, असें तो हळूहळू डोळ्यांना शिकवितो. आम्हां शिक्षकांना हा रोग चांगला परिचयाचा आहे. परीक्षेचे गुण हे ज्ञानाचें चिन्ह म्हणून आले; आज विद्यार्थी, पालक आणि आम्ही शिक्षकही त्या चिन्हाचीच पूजा करतों. किंदमाची तक्रार आणि अशोकाची आज्ञा यांत प्रश्न असा असतो कीं, या जिवावर दुसरें कोण अवलंबून आहे? शिंग मोजणारी दृष्टि तो प्रश्न विचारण्याचें विसरूं लागते.

इतकें बोलून होईतों आम्ही टेकडी उतरलों, आणि माझा विजय तेथेंच संपला. सागरेश्वर हें वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानें उजाड टेकड्यांवर उभें राहिलेलें अभयारण्य. क्षेत्र सुमारें ११ चौरस किलोमीटर, सभोंवतीं कुंपण, आंत बाहेरून आणून सोडलेल्या हरणांची वाढलेली संतति, आणि वाघ नाहीं. पायथ्याशीं एक वृद्ध शेतकरी भेटला. "मास्तर, हरणाला मारूं नये हे आमालाबी कळतंय," तो म्हणाला, "पर रातभर रानात जागायचं कुनी?"

मला उत्तर सुचलें नाहीं. १९७२ च्या कायद्यानें हरणांची शिकार बंद झाली आणि तें योग्यच झालें, असें माझें मत आजही आहे. पण त्या क्षणीं ध्यानांत आलें कीं, 'मारलेल्यांची संख्या शून्य' हेंही एक मापच आहे. शिंगांच्या मापाइतकेंच सोपें आणि तितकेंच आंधळें. सांगलीच्या घरांत बसून मी अहिंसेचें पुण्य जमा करतों, आणि त्याची किंमत म्हणून शाळूच्या राखणीला दुसराच कोणी जागतो. चांदोली व कोयना मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ शिंगें मोजीत नाहीं. दुबळा, म्हातारा किंवा बेसावध त्याच्या तावडींत आधीं सांपडतो, आणि कळपाचा तोल राहतो. परंतु चांदोलीच्या त्या रानासाठींही गांवें उठलीं आहेत.

म्हणून विद्यार्थ्यास मीं सांगितलें तें इतकेंच: शिंगांचा नियम आपण आणूं नये, बंदी ठेवावी, परंतु बंदी म्हणजे कर्तव्याची समाप्ति असें मानूं नये. ज्याच्या शेताच्या जिवावर आपण दयाळू ठरतों, त्याचें कुंपण आणि त्याची भरपाई हा त्या दयेचाच भाग आहे. तो भाग वगळला तर ती दया उसनवारीची. आजीच्या सहाणेवर जो प्रश्न कोणी विचारला नाहीं तोच हा. लेप आमच्या छातीला लागला. शिंग कोणाचें होतें?