वानप्रस्थ आणि बक्षीसपत्र

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने घर केव्हा सोडावे हे सांगितले आहे: अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले, की पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून किंवा बरोबर घेऊन त्याने वनाची वाट धरावी. वानप्रस्थाश्रमाच्या या कल्पनेचा संस्कार मराठी घरांत अजून टिकून आहे, आणि ‘आता आम्हांला काय करायचे आहे’ असे म्हणत हयातीतच राहते घर मुलांच्या नावावर करून देणारे वृद्ध त्या संस्काराला जागूनच तसे करतात. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला वा मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, त्यामुळे व्यवहार स्वस्तात होतो. दस्तात ‘राजीखुशीने व प्रेमापोटी’ अशी शब्दयोजना असते आणि निबंधकासमोर अंगठा उमटला की मालकी संपते. अशा वेळी विचारायला हवे ते हे, की विरक्तीसाठी मालकी सोडणे धर्माने खरोखर आवश्यक मानले आहे काय, आणि ज्याने ती अखेरपर्यंत राखली त्याला लोभी ठरवता येईल काय.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वत्व, अर्थात मालकीचा हक्क, संपवून तिथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. हे संपणे किती पुरते असते याचे विलक्षण चित्र कौषीतकी उपनिषदात आहे. मरणासन्न पिता नव्या गवताने घर आच्छादून, अग्नी प्रज्वलित करून, कोरे वस्त्र पांघरून निजतो, मुलाला बोलावतो आणि आपली वाणी, प्राण, दृष्टी, श्रवण, कर्मे, मन हे सारे एकेक करून त्याच्या ठायी ठेवतो. मुलगा प्रत्येकाचा स्वीकार करतो. एवढ्यावर विधी संपत नाही, कारण पिता बरा झाला तर काय, हाही प्रश्न उपनिषदाने सोडलेला नाही: त्याने मुलाच्या सत्तेखाली राहावे, नाहीतर परिव्राजक होऊन निघून जावे. सर्वस्व सोपवलेल्या माणसाला त्या घरात स्वतःची अशी जागा उरत नाही, हे त्या ऋषींनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले, आणि परंपरेच्या या प्रामाणिकपणाकडे वानप्रस्थाचे गोडवे गाणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

पुढे स्मृतिकारांनी हा विषय व्यवहाराच्या, म्हणजे न्यायनिवाड्याच्या, कक्षेत आणला. नारदस्मृतीत दिलेल्या वस्तूविषयीच्या तंट्यांचे स्वतंत्र प्रकरण असून संतती असताना सर्वस्व देऊन टाकणे तिथे ‘अदेय’, म्हणजे देण्यास अयोग्य, मानले आहे. आणि जे देऊनही न दिल्यासारखेच धरावे अशा सोळा प्रकारच्या ‘अदत्त’ दानांत भीती, शोक किंवा फसवणूक यांमुळे दिलेल्या वस्तूंबरोबर ‘हा माझे काम करील’ या अपेक्षेने दिलेली वस्तूही गणली आहे. अपेक्षा धरून देणे हे दानच नव्हे, असा या वर्गीकरणाचा रोख दिसतो. पण त्यामुळे अपेक्षा धरणारा पापी ठरत नाही, उलट त्याची वस्तू त्याचीच राहते.

संसदेने 2007 साली केलेल्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमाचे कलम 23 या विचाराच्या फार जवळ येते. पालनपोषण आणि मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. अट होती की नाही, यावरच सगळे अडते. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध झालीच पाहिजे असे सांगून एका आईचे हक्कसोडपत्र रद्द करण्यास नकार दिला. जानेवारी 2025 मध्ये मात्र मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईच्या बाबतीत मुलाने लिहून दिलेले वचनपत्र आणि बक्षीसपत्र एकत्र वाचून, कायदा कल्याणकारी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे म्हणत मालमत्ता तिला परत देवविली. पहिल्या प्रकरणातील आईचे लेकरांवर प्रेम कमी होते असे कोणीही म्हणणार नाही. तिच्या कागदावर अट नव्हती, एवढेच.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मालमत्ता जाईल या भीतीने केलेली सेवा ही सेवा नव्हे, आणि आईने मुलाकडून अटी लिहून घेणे म्हणजे नात्याचा सौदा करणे होय. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे: न्यायाधिकरण औषधपाणी आणि निवारा मिळवून देईल, माया देणार नाही. परंतु ज्याच्या पोटाची चिंता दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेली आहे त्याला वैराग्य साधणे अधिकच कठीण जाते, कारण त्याचे चित्त सतत त्या मर्जीकडे लागलेले असते. सोडायचे असते ते ममत्व, म्हणजे ‘माझे’ म्हणून चिकटून राहणे. सातबाऱ्यावरचे नाव तसेच ठेवूनही ते सोडता येते आणि नाव काढूनही ते सुटत नाही. हयातभर मालकी राखणारे आणि केव्हाही बदलता येणारे मृत्युपत्र, किंवा तहहयात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेले बक्षीसपत्र, यांत अधर्म नाही.

बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य गृहस्थाश्रम सोडण्यापूर्वी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन्ही पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करू पाहतो. मैत्रेयीने धन नाकारून अमृतत्वाचा मार्ग विचारला म्हणून ती सर्वांच्या स्मरणात राहिली. पण निघण्याआधी मागे राहणाऱ्यांची तरतूद करणे त्या ब्रह्मवेत्त्यालाही आपले काम वाटले, आणि जिने काहीच नाकारले नाही त्या कात्यायनीलाही हक्काचा वाटा मिळणार होता, याचा उच्चार होत नाही. आजच्या घरात कात्यायनीच्या जागी बहुधा सून असते. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलणे, औषधांच्या वेळा सांभाळणे हे काम वर्षानुवर्षे तिच्या वाट्याला येते, आणि 2007 च्या अधिनियमातील ‘अपत्य’ या व्याख्येत मुलगा, मुलगी व नातवंडे आहेत, ती नाही. कायद्याने तिच्यावर निर्वाहाचे दायित्व टाकलेले नाही आणि वारसाहक्कानेही तिला सासूकडून सहसा काही येत नाही; तिच्या श्रमांची दखल घ्यायची तर ती मृत्युपत्रातच घेता येते, आणि त्यासाठी सासूच्या हाती तोवर काहीतरी शिल्लक असावे लागते.