तळटीप आधी, व्याकरण मागून

केट टुराबियन या १९३० ते १९५८ या काळात शिकागो विद्यापीठाच्या प्रबंध-सचिव होत्या. त्या प्राध्यापक नव्हत्या, पण डॉक्टरेटचे प्रबंध त्यांच्या हाताखालून जात. तळटीप कशी द्यावी, संदर्भसूची कशी लावावी, हे विद्यार्थ्यांना कळावं म्हणून १९३७ मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका तयार केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही निघतात.

आपल्याकडे इंग्रजी लेखनाचं मार्गदर्शक पुस्तक म्हटलं की 'रेन अँड मार्टिन' आठवतं, आणि त्यासोबत 'अ' की 'द' ही धास्ती. मराठीत उपपदंच नाहीत, तेव्हा ही धास्ती खरी आहे. पण व्याकरणाचे सगळेच नियम दगडावरची रेघ नसतात. वाक्य शब्दयोगी अव्ययाने संपवू नये, हा दंडक इंग्रज कोशकार फाउलरने १९२६ मध्येच अंधश्रद्धेत काढला. एका व्यक्तीसाठी 'दे' (they) वापरायला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पुस्तिकेने २०१९ मध्ये संमती दिली. असे नियम लागतील तेव्हा पुस्तक उघडून पाहावेत. पाठ करण्यात वर्षं घालवू नयेत.

खरं मोल आहे ते संदर्भ देण्याच्या प्रकरणाला, आणि नेमकं तेच आपले विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात उघडतात. शिकागो पद्धत तळटीप मागेल, दुसरी कंसात आडनाव आणि साल मागेल, तिसरी आडनावापुढे पान क्रमांक. रीत कोणतीही असो, हा विचार कुणाचा आणि तो कुठे सापडेल, हे वाचकाला कळलं पाहिजे. त्याला शंका आली तर मूळ ग्रंथ काढून लेखकाचा दावा तपासता आला पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. तेव्हापासून कितीतरी विद्यार्थी त्या आकड्याच्याच मागे लागले आहेत. शब्द फिरवायचे, कर्तरीचं कर्मणी करायचं, टक्का खाली आणायचा. युक्तिवाद मात्र दुसऱ्याचाच राहतो, आणि त्याचं नाव कुठेच नसतं. शब्द जुळवून पाहणाऱ्या यंत्राच्या हाती हे सहसा लागत नाही. चांगली हस्तपुस्तिका मात्र स्पष्ट बजावते की स्वतःच्या शब्दांत मांडलेल्या परक्या विचारालाही संदर्भ द्यावाच लागतो.

म्हणून मार्गदर्शकांना कळकळीची विनंती आहे: नोंदणी झाल्याबरोबर विद्यार्थ्याच्या हाती असं एक पुस्तक द्या, आणि संदर्भांचं प्रकरण त्याच्याबरोबर बसून वाचा.