“कोणाला सांगूं नका”

प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत शिकविणाऱ्या बंधुभगिनींनो, एक प्रसंग डोळ्यांपुढें आणा. रात्रीं वर्ग सुटला आहे. बाया घराकडे निघाल्या आहेत. एक मात्र पाटी पुसण्याच्या निमित्तानें मागें रेंगाळते. तीन दिवस ती आली नव्हती. मनगट सुजलेलें आहे. विचारलें तर “विहिरीवर पडलें” असें सांगते. मग खालीं पाहून हळूच म्हणते, “बाई, त्यांनीं माझी वही चुलींत घातली. पण तुम्ही कोणाला सांगूं नका.” ह्यावर शिक्षिकेनें काय उत्तर द्यावें?

पुष्कळ जणी लागलाच शब्द देतात, “नाहीं सांगणार.” दयेच्या भरांत दिलेला हा शब्द पुढें पायांतली बेडी होतो. उद्यां ती म्हणाली कीं नवऱ्यानें गळा दाबला, तर? गळा दाबणें हें पुढें खून होण्याच्या धोक्याचें मोठें लक्षण आहे, असें ह्या विषयाचे अभ्यासक सांगतात. तेव्हां शब्द पाळावा कीं जीव वांचवावा? माझ्या मतें हा पेंच आरंभींच टाळला पाहिजे. उत्तर असें असावें: “तुमच्या परवानगीवांचून मी कोणापाशीं बोलणार नाहीं. पण तुमच्या किंवा लेकरांच्या जिवावर बेतलें, तर मी गप्प बसणार नाहीं. आणि तें तुम्हांला आधीं सांगेन.” शिकणारी अठरा वर्षांखालील असून तिजवर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें, तर २०१२ च्या कायद्यानें तें कळविणें बंधनकारकच आहे.

दुसरे कांहीं तडक तिच्या घरीं जाऊन नवऱ्यास जाब विचारतात, अथवा मंडळीच्या वडिलांस बोलावून समेट करवितात. पाहुणे असेपर्यंत तो नम्र असतो. दार लागलें कीं त्या भेटीची किंमत तिला मोजावी लागते. “थोडें सोस, संसार आहे” हा उपदेश तर तिनें जन्मभर ऐकलेलाच आहे. (तोच उपदेश नवऱ्यास कोणी करीत नाहीं, हेंही नमूद करावेंसें वाटतें.) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें दिसलें कीं, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें चौदांनींच मदत मागितली होती. म्हणून जी बोलली, तिचा विश्वास जपून वापरावा.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला. केवळ मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, लैंगिक छळ, खर्चास पैसे न देणें, हेंही त्यांत हिंसेंत धरलें आहे. घर तिच्या नांवावर नसलें तरी त्यांत राहण्याचा तिला हक्क आहे. सकारण वाटल्यास कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास कळवूं शकतो. सद्भावनेनें कळविणारावर त्याबद्दल खटला होत नाहीं. कायद्यानें मोकळीक दिली खरी. परंतु घर केव्हां सोडावें, तक्रार केव्हां द्यावी, हें तिच्याइतकें कोणास ठाऊक असणार? घर सोडण्याची वेळ हीच पुष्कळदा अधिक धोक्याची असते.

तोंवर शिक्षकाच्या हातीं एक गोष्ट आहे, तीही त्याच्या नित्याच्या कामांतली. अंकओळखीच्या पाठांत १८१ व ११२ हे आकडे सर्वच बायांस वाचावयास व लिहावयास शिकवावे. पहिला महिलांच्या मदतीचा, दुसरा कोणत्याही संकटाचा. एकीलाच कागदावर लिहून दिला, तर तो कागद घरीं सांपडतो. सगळ्यांनीं पाटीवर गिरविला, तर कोणावरही बोट येत नाहीं. आधार कार्ड व बँकेचें पासबुक वाचण्याचा धडाही असाच सर्वांना द्यावा. निघण्याची वेळ आलीच, तर कोणते कागद बरोबर घ्यावे तें वाचतां येणाऱ्या बाईस कळतें. स्त्रियांस सरकारी विधि सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हेंही बोलतां बोलतां सर्वांच्या कानीं घालावें.

आणि इतकें करून ती त्याच घरांत राहिली, तर? रागावूं नये. “तुम्ही सोसतां तरी कां?” हा प्रश्न तर मुळींच विचारूं नये, दोष तिचाच, असें त्यांतून तिला ऐकूं येतें. वर्गांत तिची जागा तशीच ठेवावी. पंधरा दिवसांनीं ती आली, तर सर्वांदेखत “कोठें होतां?” असें न विचारतां नवी वही पुढें करावी, आणि वर्ग सुटल्यावर ती वही वर्गाच्या कपाटांतच ठेवून घ्यावी.