ताळेबंदात न दिसणारा कोरस

4 नोव्हेंबर 2022 रोजी आर्ट्स कौन्सिल इंग्लंडने पुढच्या अनुदानांची यादी जाहीर केली, तेव्हा तीत इंग्लिश नॅशनल ऑपेराचं नाव नव्हतं. वर्षाला 1 कोटी 26 लाख पौंड घेणाऱ्या या कंपनीला कळवण्यात आलं की नियमित अनुदान एप्रिलपासून बंद. त्याऐवजी तीन वर्षांत मिळून 1 कोटी 70 लाख पौंड देऊ. पण मुक्काम लंडनबाहेर हलवा, जमल्यास मँचेस्टरला. तयारीला उरले होते पाच महिने. एखाद्या कुटुंबाला बिऱ्हाड हलवायलाही यापेक्षा जास्त सवड मिळते.

या निर्णयावर लंडनमध्ये जो गहजब झाला, त्यातला बराचसा भाग मला पटत नाही. उत्तरेकडच्या गिरणगावातला माणूसही कर भरतो, लॉटरीचं तिकीट काढतो, आणि त्याच्या पैशावर राजधानीत एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन मोठी ऑपेरागृहं चालतात. त्याने ‘आमचा वाटा कुठे?’ असं विचारलं तर त्यात गैर काय? प्रश्न रास्त होता. त्याचं जे उत्तर काढलं गेलं, ते मात्र रास्त नव्हतं.

1946 साली अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकारातून आर्ट्स कौन्सिल उभी राहिली, ती एका तत्त्वावर: पैसा सरकारचा, पण तो कोणाला द्यायचा हे मंत्र्याने ठरवायचं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सांस्कृतिक मंत्री नेडीन डॉरिस यांनी कौन्सिलला लंडनचा पैसा बाहेर वळवण्याची सूचना केली, तेव्हा हे तत्त्व कागदावरच उरलं. गंमत म्हणजे यादी जाहीर होईपर्यंत डॉरिसबाईंचं मंत्रिपद गेलेलं होतं. आदेश तेवढा मागे राहिला.

ऑपेराला सरकारी पैसा लागतोच का? विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1966 साली याचं जे उत्तर दिलं, ते अजून कोणी खोडलेलं नाही. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तेवढ्याच मजुरांकडून जास्त माल निघतो आणि त्यातून पगार वाढतात. व्हर्दीचा ऑपेरा उभा करायला मात्र दीडशे वर्षांपूर्वी जेवढे वादक आणि गायक लागत, जवळपास तेवढेच आजही लागतात आणि तेवढाच वेळ लागतो. पगार तर बाहेरच्या जगाबरोबर वाढवावेच लागतात. म्हणून उत्पन्न आणि खर्च यांतली दरी कोणाच्या उधळेपणाशिवायही रुंदावत जाते. तिकीट महाग करून ती भरता येईल, पण ही कंपनी जन्मली ती नेमकं तेच न करण्यासाठी. लिलियन बेलिस या बाईंनी थेम्सच्या दक्षिणेला कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या ओल्ड व्हिकमध्ये स्वस्त तिकिटात, इंग्रजीतून ऑपेरे करायला सुरुवात केली. 1931 मध्ये मंडळी सॅडलर्स वेल्सला आली, 1968 मध्ये कोलिसियममध्ये गेली, आणि 1974 मध्ये तिला आजचं नाव मिळालं.

कोलिसियम हे दुखणं वेगळंच. लंडनच्या वेस्ट एंडमधलं हे सर्वांत मोठं नाट्यगृह, 2,300 हून अधिक खुर्च्यांचं. रोजच्या रोज ते ऑपेराने भरणं कठीण. 1992 मध्ये सरकारच्या मदतीने कंपनीने ते विकत घेतलं आणि ती कलासंस्थेबरोबर घरमालकही झाली. मग अडचण आली की घरमालक करतो तेच झालं: जागा भाड्याने देणं. 2014 मध्ये कौन्सिलने अनुदान 1 कोटी 72 लाखांवरून 1 कोटी 24 लाखांवर आणलं आणि 2015 च्या फेब्रुवारीत कंपनीला विशेष देखरेखीखाली ठेवलं. त्यानंतर व्यावसायिक म्युझिकल्सचे मुक्काम वाढले. 2016 मध्ये तिथे ‘सनसेट बुलेव्हार्ड’ झालं. भाड्याचे आठवडे वाढले की ऑपेराचे आठवडे घटतात. ते घटले की व्यवस्थापक विचारतो, कोरसला, म्हणजे समूहगायकांना, बारा महिन्यांचा पगार कशाला? आणि पगार कापला की कौन्सिल म्हणते, तुमचे प्रयोग फार कमी होतात, मग अनुदान एवढं का?

पंचवीस वर्षांतल्या ‘आर्थिक पुनर्रचना’ पाहिल्या तर दरवेळी कात्री इथेच लागलेली दिसते. 2003 मध्ये कोरसच्या जागा कमी करण्यावरून संप झाला. 2016 मध्ये पुन्हा कोरसचा करार आखडला आणि संगीत संचालक मार्क विगल्सवर्थ यांनी राजीनामा दिला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये वाद्यवृंदातल्या 19 जागा काढून बाकीच्यांना अर्धवेळ करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांच्या जागी आलेले मार्टिन ब्रॅबिन्सही निषेध म्हणून बाहेर पडले. शेवटी तडजोड झाली ती वर्षातल्या काही महिन्यांच्याच हमीवर. चुका व्यवस्थापनाच्याही होत्या. वरची माणसं वारंवार बदलली, प्रत्येकाने नवी दिशा काढली. पण किंमत मोजली ती रंगमंचावर मागे उभ्या असलेल्यांनी.

आणि हा कोरस म्हणजे नेमकं काय, हे आपल्या जवळच्या उदाहरणावरून सांगता येईल. फिलिप ग्लासचा ‘सत्याग्रह’ हा गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावरचा ऑपेरा. त्याचे शब्द भगवद्गीतेतले, संस्कृत. सगळं इंग्रजीतून गाणाऱ्या या कंपनीने 2007 मध्ये तो संस्कृतातूनच केला आणि पुढे अनेकदा पुन्हा रंगवला. पुनरावृत्तीतही सतत सरकणाऱ्या त्या तालात परक्या भाषेचे शब्द तासन्‌तास तोंडपाठ गायचे, तेही हालचाली करत, हे रोजंदारीवर गोळा केलेल्या गायकांकडून होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं एकत्र श्वास घेतलेली माणसं लागतात. जमाखर्चात ती ‘पगार’ या रकान्यात खर्चाच्या बाजूला दिसतात. वास्तू मात्र ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला.

उत्तरेला ऑपेरा द्यायचाच असेल, तर तो कसा द्यावा याचा धडा याच कंपनीच्या इतिहासात आहे. 1978 मध्ये तिने लीड्समध्ये ‘इंग्लिश नॅशनल ऑपेरा नॉर्थ’ नावाची शाखा काढली, स्वतःचा वाद्यवृंद आणि कोरस असलेली. 1981 मध्ये ती स्वतंत्र झाली. आज ती ऑपेरा नॉर्थ म्हणून ओळखली जाते. तेव्हा लंडनचं मोडून लीड्सचं उभारलं नव्हतं. 2022 च्या यादीने उलट केलं. वेल्श नॅशनल ऑपेराचं इंग्लंडमधल्या दौऱ्यांसाठीचं अनुदान सुमारे एक तृतीयांशाने कापलं आणि त्या कंपनीने लिव्हरपूल सोडलं. ग्लाइंडबोर्न या ऑपेरा संस्थेचं अनुदान निम्मं झालं आणि तिचे ठरलेले दौरे थांबले. म्हणजे राजधानीबाहेर ऑपेरा पोचवण्याच्या नावाखाली निघालेल्या यादीने राजधानीबाहेरच्याच कित्येक गावांचा ऑपेरा काढून घेतला.

ओरड झाल्यावर कौन्सिलने पावलं मागे घेतली: आधी एका वर्षासाठी 1 कोटी 14 लाख 60 हजार, मग 2024 ते 2026 साठी 2 कोटी 40 लाखांपर्यंत, आणि स्थलांतराला 2029 पर्यंत मुदत. म्हणजे पैसा होताच. हवा होता तो पुढच्या दहा वर्षांचा शब्द. अशा संस्थेला रकमेइतकाच त्याचाही आधार असतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीने मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमधल्या लाऊरी नाट्यगृहात बेंजामिन ब्रिटनचा ‘अल्बर्ट हेरिंग’ आणला. निवड चांगली आहे, विनोदी आहे, दौऱ्याला सुटसुटीतही आहे. याच ब्रिटनचा ‘पीटर ग्राइम्स’ 1945 मध्ये याच कंपनीने सॅडलर्स वेल्समध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आणला होता आणि त्यात अख्खं गाव कोरस होऊन गातं. ‘अल्बर्ट हेरिंग’ला कोरस लागत नाही.